पहिल्या अंड्यावरून कोंबडीचा निवाडा नको

शेतीला जोडून करता येण्याजोग्या धंद्यांत परसातील कुक्कुटपालनाइतका अल्प भांडवलाचा धंदा क्वचितच सापडेल. ज्या कुटुंबास गुंठाभरही जमीन नाही, त्यासही तो करता येतो. अंगणात सांडलेले धान्य, किडेमुंग्या, कोवळा पाला आणि स्वयंपाकघरातील उष्टे यांपासून कोंबडी अंडे तयार करते. २०१९ साली झालेल्या विसाव्या पशुगणनेत देशातील परसातील कुक्कुट पक्ष्यांची संख्या सुमारे ३१ कोटी ७० लाख भरली. २०१२ च्या गणनेच्या मानाने ही वाढ सुमारे ४६ टक्के होती.

तथापि पक्ष्यांची संख्या वाढली म्हणजे घरात अंडी वाढली, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. सुधारित जातीची पिल्ले गावोगाव दिली जातात. घरातील स्त्री ती पाच महिने मांजर, मुंगूस आणि घार यांच्यापासून जपते. पिल्लांच्या तलंगा होतात आणि नेमक्या त्याच सुमारास पुष्कळ घरांत हा डाव मोडतो. काही ठिकाणी तलंग अंड्यावर येण्यापूर्वीच विकली जाते. काही ठिकाणी पहिली दहा-पाच अंडी लहान व वेडीवाकडी निघाली की "ही जात आपल्याकडे चालत नाही" असा निकाल दिला जातो. पाच महिन्यांचे श्रम व खाद्य अशा रीतीने वाया जाते, आणि सुधारित कोंबडीविषयी एक प्रतिकूल मत गावात कायमचे रुजते.

तलंग अंड्यावर येण्यापूर्वीचे सहा आठवडे आणि त्यानंतरचे आठ आठवडे हा परसातील कुक्कुटपालनाचा खरा कसोटीचा काळ होय. आज मार्गदर्शनाचा सारा भर पिल्लांच्या वाटपावर व पहिल्या महिन्यातील संगोपनावर असतो. कसोटीच्या काळात मात्र पालक एकटा पडतो. हा क्रम बदलणे अगत्याचे आहे. त्यासाठी या काळात काय घडते, काय घडणे स्वाभाविक आहे आणि कशाची चिंता करावी, हे पालकास व ग्रामीण कार्यकर्त्यास नीट ठाऊक हवे.

आखाडातील घाईची विक्री

फाल्गुन-चैत्रात निघालेली पिल्ले आषाढात चार-साडेचार महिन्यांची होतात. श्रावण पाळणारी घरे त्यापूर्वी आखाडात मांसाहार उरकून घेतात, त्यामुळे कोंबडीस चांगला भाव येतो. पेरणीनंतर हात रिकामे असतात आणि खत, औषध व मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च समोर उभा असतो. अशा वेळी दारी आलेल्या व्यापाऱ्यास नरांबरोबर तलंगाही दिल्या जातात. पैशाची नड खरी असते, हे कोणी नाकारणार नाही. परंतु नर विकणे आणि तलंग विकणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नराचे वजन भरले की त्याचे काम झाले. पुढे तो केवळ खातो. तलंगीवर मात्र सारा खर्च होऊन गेलेला असतो आणि उत्पन्न तेवढे यावयाचे असते. आंब्याचे कलम मोहोर येण्याच्या वर्षीच तोडून सरपणास विकावे, तसाच हा व्यवहार होय.

यास्तव आखाडात जास्तीचे नर विकून नड भागवावी आणि तलंगा राखाव्यात, हा नियम प्रत्येक बचत गटाने व प्रत्येक कुटुंबाने स्वतःस घालून घेणे इष्ट ठरेल. अंड्यासाठी नराची गरज नाही. नर नसला तरी कोंबडी तितकीच अंडी देते. फक्त त्यांतून पिल्ले निघत नाहीत. किंबहुना नराविना मिळालेली अंडी उन्हाळ्यात अधिक काळ टिकतात, कारण उष्णतेने त्यांत गर्भाची वाढ सुरू होत नाही. पिल्ले काढावयाची असतील तर आठ-दहा माद्यांमागे एक नर ठेवला म्हणजे पुरे.

अंडे केव्हा अपेक्षावे

प्रत्येक जातीची अंड्यावर येण्याची वेळ निराळी असते, आणि ती ठाऊक नसल्यामुळे अर्धीअधिक निराशा उद्भवते. बंदिस्त फार्मवरील अंड्यांच्या संकरित कोंबड्या अठरा ते वीस आठवड्यांत अंडी देऊ लागतात. त्यांची गोष्ट ऐकून परसातील पालकही पाचव्या महिन्यातच खुराड्यात डोकावू लागतो. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेली ग्रामप्रिया ही कोंबडी सुमारे १६० ते १६५ दिवसांनी, तर तेथीलच वनराजा सुमारे १७५ ते १८० दिवसांनी अंड्यावर येते. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली गिरिराज साधारण तेवीस-चोवीस आठवडे घेते. गावरान कोंबडीस सहा ते आठ महिने लागतात. परसात खाद्य कमी-अधिक मिळते, जंत होतात, ऊन-पावसाचा मारा बसतो. म्हणून वरील आकड्यांत दोन-चार आठवडे अधिक धरून चालणे शहाणपणाचे असते.

दिवसाच्या लांबीचाही यात मोठा वाटा असतो. उजेड वाढत गेला म्हणजे कोंबडीच्या मेंदूतील ग्रंथी अंडाशयास चालना देतात. उजेड घटत गेला की ही चालना मंदावते. पुण्याच्या अक्षांशावर जूनच्या अखेरीस दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, तर डिसेंबरच्या अखेरीस तो सुमारे अकरा तासांवर येतो. त्यामुळे श्रावण-भाद्रपदात निघालेली पिल्ले पौष-माघात वयात आली तरी अंडी देण्यास उशीर लावतात. तो पक्ष्याचा दोष नव्हे. ज्या घरी वीज आहे, तेथे वयात आलेल्या तलंगांच्या खुराड्यात पहाटे दोन-तीन तास लहानसा दिवा लावून एकूण उजेड चौदा तासांपर्यंत नेता येतो. एकदा सुरू केलेला उजेड मध्येच बंद करू नये. उजेड अचानक घटला तर अंडी कमी होतात.

तलंग अंड्यावर आल्याची लक्षणे सहज ओळखता येतात. फिकट व लहान असलेला तुरा मोठा, लालबुंद व तुकतुकीत होतो. चोचीखाली लोंबणारी कातडीही लाल होते. पाठीवर हात नेला असता तलंग पूर्वीप्रमाणे पळून न जाता पाय दुमडून, पंख किंचित पसरून खाली दबते. ती कोपऱ्याकोपऱ्यांतून, टोपलीत, गवताच्या गंजीत जागा शोधत फिरते आणि निराळ्या सुरात कलकलाट करते. शेपटीखालील दोन हाडांच्या टोकांमध्ये पूर्वी एक बोट जेमतेम मावत असेल, तर आता दोन-तीन बोटे बसतात. ही लक्षणे दिसू लागली की थोड्याच आठवड्यांत पहिले अंडे मिळते. जिचा तुरा सुकलेला व फिकट आहे आणि हाडे जुळलेली आहेत, तिच्याविषयी घाईने मत बनवण्याआधी तिला जंत झाले आहेत काय, ती खंगली आहे काय, हे पाहावे.

पहिली अंडी लहान का

कोंबडीच्या शरीरात सामान्यतः डाव्या बाजूचे एकच अंडाशय कार्य करते. त्यातील बलक आठ-दहा दिवसांत झपाट्याने वाढतो व नळीत उतरतो. तेथे सुमारे तीन तासांत त्याभोवती पांढरा भाग चढतो, नंतर तासा-सव्वातासात पातळ पापुद्रे तयार होतात आणि शेवटचे सुमारे वीस तास कवच बनण्यात जातात. नव्या यंत्राची जुळणी पहिल्या दिवसापासून अचूक चालत नाही, तसेच येथेही घडते.

पहिली अंडी ३०-४० ग्रॅमचीच असतात; बलकच लहान असतो. कधी दोन बलक एकदम सुटतात व जोडबलकाचे मोठे अंडे मिळते. कधी बलकाविना सुपारीएवढे अंडे पडते. कधी कवच इतके मऊ असते की अंडे हातात दबते. कधी कवचावर रक्ताची पुसट रेघ असते. नळीचे तोंड प्रथमच ताणले गेल्याने एखादी बारीक शीर फुटते, एवढाच तिचा अर्थ. या प्रकारांना कोठे कोठे अपशकुन मानून कोंबडी विकून टाकतात. यात शकुन-अपशकुनाचा काही संबंध नाही. जोडबलकाचे व लहान अंडे खाण्यास उत्तम असते. तीन-चार आठवड्यांत अंड्यांचा आकार सुधारू लागतो आणि पुढे काही महिने वजन वाढतच जाते. ज्या अंड्यावरून जातीची परीक्षा करावयाची, ते अंडे अद्याप यावयाचे असते. म्हणून पहिल्या महिन्यातील अंड्यावरून कोंबडीचा निवाडा करणे म्हणजे ओंबीत दूध भरत असतानाच गव्हाचा उतारा मोजणे होय.

या लहान अंड्यांचा एक उपयोग मात्र टाळावा. ती उबवणीस ठेवू नयेत. लहान अंड्यातून लहान व अशक्त पिल्लू निघते. अंडे ४५-५० ग्रॅमचे होऊ लागले, म्हणजे कोंबडी सात-साडेसात महिन्यांची झाली की उबवणीचा विचार करावा. वनराजासारख्या संकरित पक्ष्याच्या पुढील पिढीत मूळचे गुण टिकत नाहीत, हेही ध्यानात असावे. नवी पिल्ले दरवेळी अधिकृत उबवणी केंद्रातूनच घेणे हिताचे असते.

रोज अंडे का नाही

"कोंबडी चार दिवस अंडे देते व पाचव्या दिवशी दडी मारते" ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. वर सांगितलेल्या क्रमात तिचे उत्तर आहे. एक अंडे तयार होण्यास सुमारे पंचवीस तास लागतात, दिवस मात्र चोवीस तासांचा असतो. त्यामुळे आज सकाळी सातला दिलेले अंडे उद्या आठच्या सुमारास, परवा नऊच्या पुढे असे सरकत जाते. दुपार उलटू लागली की पुढचा बलक त्या दिवशी सुटत नाही व एक दिवस खाडा पडतो. मग नवी साखळी सुरू होते. नव्या तलंगीच्या साखळ्या आखूड व अनियमित असतात. दोन अंडी, दोन खाडे असेही चालते. शरीर रुळले की साखळी लांबते.

वर्षाचा हिशोबही याच दृष्टीने पाहावा. परसातील पद्धतीत गावरान कोंबडी वर्षास सुमारे ५० ते ७०, वनराजा सुमारे १०० ते ११० आणि ग्रामप्रिया सुमारे १६० ते १८० अंडी देते. वनराजा म्हणजे अंडी व मांस अशा दोन्हींसाठी असलेला पक्षी. तिच्याकडून रोज अंड्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होय. वाटप करतेवेळी कार्यकर्त्याने "भरपूर अंडी देते" असे मोघम न सांगता हा आकडा सांगितला, तर पुढचा अपेक्षाभंग टळेल. वाढवून सांगितलेल्या एका आकड्याने कार्यकर्त्याचा शब्द गावात जितका हलका होतो, तितका दुसऱ्या कशाने होत नाही.

खाद्य, शिंपला व पाणी

परसातील कोंबडी स्वतःचे पोट भरते, हे खरे; परंतु ती पोट भरते ते जगण्यापुरते. अंडे हे जगण्याच्या गरजेच्या वरचे उत्पादन आहे. अंड्यावर आलेल्या कोंबडीस दिवसाकाठी सुमारे १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. चरून मिळते त्याच्या जोडीस दर पक्ष्यास ४०-५० ग्रॅम भरड धान्य, कणी, कोंडा व थोडी पेंड यांचे मिश्रण द्यावे. ते सायंकाळी दिल्यास कोंबड्या खुराड्याकडे वेळेवर परततात. शेवग्याचा पाला, लसूणघास, अझोला व वाळवी यांचा पुरवठा फुकटात होण्याजोगा आहे. बुरशी आलेली शेंगदाणा पेंड व औषध लावलेले बियाणे मात्र चुकूनही घालू नये. पहिल्याने यकृत बिघडते, दुसऱ्याने पक्षी मरतो. नुसता मका भरपूर घालणेही घातक आहे. तलंग चरबीने जड झाली की अंडी कमी देते व अंडे देताना अडते. वनराजा मादीचे वजन सहा महिन्यांच्या सुमारास साधारण सव्वादोन ते अडीच किलोच्या दरम्यान राहावे.

कवचाचा विषय तर स्वतंत्रपणे सांगण्याजोगा आहे. अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. कवचाचे बरेचसे काम रात्री चालते, त्या वेळी कोंबडी काही खात नाही. खाद्यातील चुना अपुरा पडला तर ती तो आपल्या हाडांतून काढते. असे महिनोन्‌महिने चालले की कवच पातळ होते, पाय लटपटतात आणि अखेर अंडी बंद पडतात. शिंपल्यांचे बारीक तुकडे किंवा घरातीलच अंड्यांची टरफले तव्यावर भाजून, चुरा करून निराळ्या वाटीत ठेवावीत. हवी तेवढी कोंबडी स्वतः खाते. टरफले अखंड टाकू नयेत. त्यामुळे अंडे फोडून खाण्याची खोड लागते. हा चुरा तलंगीस लक्षणे दिसू लागल्यावरच द्यावा. लहान पिल्लांच्या खाद्यात अधिक कॅल्शियम गेल्यास त्यांच्या मूत्रपिंडास अपाय होतो. म्हणून अंड्यांच्या कोंबडीचे तयार खाद्य पिल्लांना घालणे चुकीचे होय.

अंड्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणी असतो, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. उन्हाळ्यात दुपारी काही तास भांडे कोरडे पडले तर दुसऱ्या दिवशीच्या अंड्यावर त्याचा परिणाम दिसतो. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात कोंबडी चोच उघडून धापा टाकते. त्यामुळे शरीरातील कर्बवायू अधिक बाहेर पडतो आणि कवच पातळ होते. सावली आणि मातीच्या पसरट भांड्यात दिवसातून दोन-तीनदा बदललेले गार पाणी, हा यावरील बिनखर्ची उपाय आहे.

अंडे कोठे घालावे

"कोंबडी अंडी देत नाही" असे म्हणणाऱ्या घरी कित्येकदा अंडी शेजारच्या गंजीत वा निवडुंगाच्या बुंध्यात सापडतात. कोंबडीस अंडे देण्यास अंधारी, शांत व आडोशाची जागा हवी असते. ती घरात न मिळाल्यास ती बाहेर शोधते. आणि बाहेरचे अंडे मुंगूस, साप वा कुत्रा यांच्या तोंडी जाते. तलंग अंड्यावर येण्यापूर्वी दोन-तीन आठवडे सुमारे एक फूट लांब, रुंद व उंच अशी खोकी किंवा जुन्या टोपल्या भाताच्या पेंढ्याने भरून भिंतीकडेला ठेवाव्यात. चार-पाच कोंबड्यांस एक टोपली पुरते. टोपलीत अंड्याच्या आकाराचा गुळगुळीत पांढरा दगड ठेवला की तलंग ती जागा ओळखते. नवी कोंबडी पहिल्या पंधरा दिवसांत जेथे अंडे घालण्यास शिकते तेथेच पुढे जाते, म्हणून या दिवसांत तिला सकाळी दहापर्यंत खुराड्याच्या आवारात राखणे फायद्याचे ठरते.

अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत. ती पाण्याने धुऊ नयेत. कवचावरील नैसर्गिक लेप निघून जातो व जंतू आत शिरतात. मळ असल्यास कोरड्या फडक्याने पुसावा. ओल्या वाळूवर ठेवलेल्या मातीच्या मडक्यात अंडी गार राहतात.

चिंता केव्हा करावी

काही खुणा मात्र अंगवळणी पाडून घेण्याच्या नसतात. तलंग अंग फुगवून, शेपटी खाली करून, वारंवार कळा देते आणि अंडे येत नाही, तेव्हा अंडे अडलेले असते. तिला उबदार, शांत जागी ठेवून पशुवैद्यकास दाखवावे. अंडे पोटात दाबून फोडण्याचा प्रयत्न जीवघेणा ठरतो. अंग बाहेर आले असल्यास तिला तत्काळ निराळे करावे, कारण इतर कोंबड्या लाल रंग पाहून टोचतात व एका दिवसात तिचा जीव घेतात.

एका कोंबडीचे मऊ अंडे ही क्षुल्लक बाब होय. परंतु सगळ्या कळपाची अंडी एकदम घटली, त्यासोबत शिंका, हिरवट पातळ विष्ठा वा मान वाकडी होणे दिसले, तर मानमोडी रोगाची शंका घ्यावी. कुमाऊँतील राणीखेत गावावरून राणीखेत रोग म्हणून ओळखला जाणारा हा रोग गावातील सारी खुराडी ओस पाडतो. त्यावर उपचार नाही, लस आहे. मोठ्या पक्ष्यास टोचावयाची तीव्र लस अंडी सुरू झाल्यावर दिल्यास अंडी घटतात. म्हणून ती दोन महिन्यांच्या वयात व पुन्हा सोळा-अठरा आठवड्यांच्या सुमारास, अंड्यावर येण्यापूर्वीच उरकावी. जंताचे औषधही त्याच वेळी द्यावे. अंडी सुरू झाल्यावर कोणतेही औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याविना देऊ नये. औषधाचा अंश अंड्यात उतरतो आणि ते अंडे मूल खाते. थोड्या अवधीत पुष्कळ पक्षी मेले, तर मेलेले पक्षी ओढ्यात न टाकता व उरलेले बाजारात न नेता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ उद्भवली, तेव्हापासून ही दक्षता प्रत्येक पालकाचे सामाजिक कर्तव्यच झाली आहे.

खुडूक बसणे हा रोग नव्हे. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी देऊन खुडूक बसते. सुधारित जातींत ही प्रवृत्ती कमी असते. पिल्ले नको असतील तर तिच्या नाकात पीस खुपसणे वा तिला पाण्यात बुचकळणे असले क्रूर प्रकार करण्याची जरुरी नाही. तीन-चार दिवस तिला पेंढ्याविना, खालून हवा लागेल अशा डालग्याखाली उजेडात ठेवून नेहमीचे खाद्यपाणी दिले की ती उठते. ज्यांस घरीच पिल्ले हवीत, त्यांनी दोन गावरान कोंबड्या उबवणीसाठी आणि बाकीच्या सुधारित कोंबड्या अंड्यांसाठी अशी वाटणी करावी. गावरान श्रेष्ठ की सुधारित श्रेष्ठ, या वादापेक्षा ही वाटणी अधिक लाभदायक आहे.

अंडे कोणाचे

कोंबड्यांचा सांभाळ बहुधा घरातील स्त्री करते; मात्र अंडी विकून आलेला पैसा तिच्या हाती राहतोच असे नाही. ज्या घरी तो राहतो, त्या घरी खाद्य, लस व शिंपला यांवरचा चार पैशांचा खर्च वेळेवर होतो, कारण खर्च व लाभ एकाच हातात असतात. बचत गटांनी हा दंडक म्हणून स्वीकारावा.

सगळी अंडी विकण्याचाही मोह आवरला पाहिजे. भारतीय वैद्यक संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांची शिफारस माणशी वर्षाला १८० अंड्यांची आहे; देशात २०२३-२४ मध्ये माणशी उपलब्धता सुमारे १०३ अंड्यांची होती. खेड्यातील मुलांच्या वाट्यास त्याहून किती थोडी येत असतील, याची कल्पना करणे कठीण नाही. ५० ग्रॅमच्या अंड्यात सहा ग्रॅमच्या वर उत्तम प्रतीची प्रथिने असतात. पहिल्या महिन्यातील लहान अंड्यांस बाजारात भाव कमी मिळतो. ती मुलांच्या व गरोदर स्त्रीच्या ताटात गेली तर त्यांचे खरे मोल होईल. ज्या घरी अंडी खात नाहीत, त्यांनी विक्रीच्या पैशातून डाळ व दूध घ्यावे.

कार्यकर्त्यांचे काम

या साऱ्यात ग्रामीण कार्यकर्त्याचे स्थान कोणते? पिल्लांचे वाटप झाले, नोंदवहीत सह्या झाल्या, छायाचित्र निघाले की काम पूर्ण झाले, ही समजूत सोडली पाहिजे. वाटप ही पेरणी आहे. पेरणीनंतर शेताकडे न फिरकणाऱ्या शेतकऱ्यास कोणी चांगला शेतकरी म्हणत नाही.

एका पशुधन पर्यवेक्षकाकडे अनेक गावे असतात व प्रत्येक घरी जाणे शक्य होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्यास उत्तरही आहे. एकाच दिवशी वाटलेली पिल्ले एकाच सुमारास अंड्यावर येतात. त्यामुळे गावातील पालकांना एकत्र बोलावून तीन बैठका घेतल्या तरी भागते. पहिली सोळाव्या आठवड्यात: लस, जंताचे औषध, टोपल्या आणि आखाडातील विक्रीविषयी इशारा. दुसरी चोविसाव्या आठवड्यात: लहान अंडी, मऊ कवच, शिंपला व अंडे अडणे. तिसरी बत्तिसाव्या आठवड्यात: हिशोब. मधल्या काळात गावातील पशुसखीने घरोघर नजर ठेवावी.

हिशोब सोपा आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज मिळालेल्या अंड्यांचा आकडा लिहावा. लिहिता न येणाऱ्या आजीने रेघा ओढाव्यात. पाच कोंबड्यांचे तीस दिवस म्हणजे दीडशे कोंबडी-दिवस. महिन्यात ७५ अंडी मिळाली तर उत्पादन निम्मे, म्हणजे ५० टक्के झाले. ४५ मिळाली तर ३० टक्के. पहिल्या महिन्याचा आकडा कमी असणारच. दुसऱ्या व तिसऱ्या महिन्यात तो चढत गेला तर सर्व ठीक आहे. चढला नाही तर खाद्य, पाणी, जंत, उजेड व चोरटी अंडी ही कारणे क्रमाने तपासावीत. जी कोंबडी बत्तिसाव्या आठवड्यातही फिकट तुऱ्याची व मिटलेल्या हाडांची राहील, ती खुशाल विकावी. तो निवाडा पुराव्यानिशी दिलेला असेल.

कोंबडी हे लहान जनावर आहे, म्हणून तिच्याविषयीचे अज्ञानही लहान समजले जाते. परंतु भूमिहीन मजुराच्या घरी पाच तलंगा हीच ठेव असते आणि ती मोडली तर दुसरी नसते. म्हणून कार्यकर्त्यांनी आपल्या गावात वाटलेल्या पिल्लांची तारीख आजच काढून सोळावा आठवडा केव्हा येतो ते नोंदवून ठेवावे, आणि पालकांनी तोवर टोपल्यांत पेंढा भरून ठेवावा. लहान अंड्यास हसू नये. थोड्या आठवड्यांनी त्याच टोपलीत पूर्ण वाढीचे अंडे मिळेल.